ओळखीच्या माणसाबद्दल आपण आधीच ठरवून टाकतो... तुमचे अनुभव लिहा

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नासरेथकर, म्हणजे येशूच्याच गावचे लोक, त्याच्याबद्दल म्हणतात, हा तर सुतार, मरीयेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोनाचा भाऊ! माहिती अगदी बरोबर होती. तिच्यापुढे काही पाहायची गरजच त्यांना वाटली नाही. मोजक्या रोग्यांना बरं करण्यापलीकडे येशूला तिथे काही करता आलं नाही. हे वाचलं की मला माझा दादा आठवतो. दारू सोडून त्याला चार वर्षं झाली होती, तरी तो उशिरा आला की मी जवळ जाऊन वास घ्यायचो. एकदा ते त्याच्या लक्षात आलं. काही बोलला नाही. पाणी प्यायला आणि झोपायला गेला.

तुमच्या बाबतीत असं काही झालंय?

*

सासूबाईंच्या प्रार्थनेत तेच ते ठरलेले शब्द असतात, असं मी वीस वर्षं धरून चालले. एका रात्री दाराबाहेरून ऐकलं. जन्माआधीच गेलेल्या माझ्या बाळासाठी सासूबाई देवाजवळ मागत होत्या, 'सांभाळ त्याला' म्हणत होत्या. मला वाटायचं, ते फक्त माझ्याच लक्षात आहे. आत जायचं धैर्य झालं नाही.

*

येशूबद्दल ऐकल्यावर 'नासरेथातून काही चांगलं निघेल का', असं विचारणारा नथनेल काना गावचा, म्हणजे नासरेथ ज्या गालील प्रांतात आहे तिथलाच! त्याला येशूबद्दल सांगणाऱ्या शिष्याने, फिलिप्पाने, वाद घातला नाही. 'येऊन पाहा' एवढंच म्हणाला.

*

आमच्या चर्चच्या तरुणसंघाचं काम अर्धवट टाकून गेलेला एक जण परत आला, तेव्हा 'नको' म्हणणारा मीच. सुवार्तेच्या प्रवासात पंफुल्या प्रांतातून मागे फिरलेल्या मार्काला प्रेषित पौलानेही असंच नाकारलं होतं, त्यावरून त्याचा सोबती बर्णबा याची साथ सुटली. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच पौल सांगतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. त्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.

*

मी दुसऱ्या बाजूची. घरात माझी ओळख 'तापट' अशीच. मी ख्रिस्तावर विश्वास ठेवला तेव्हा आई म्हणाली, बघू किती दिवस टिकतंय. एखाद्या दिवशी आवाज चढला की लगेच, 'हेच का तुझं शास्त्र?' फार लागायचं. येशूच्या घरच्यांनाही त्याचं भान सुटलंय असं वाटलं होतं, आणि त्याच घरातला त्याचा भाऊ याकोब पुढे यरुशलेमेच्या मंडळीचा (चर्चचा) आधारस्तंभ झाला, हे मी स्वतःला सांगत राहिले.

परवा भाजी निवडता निवडता आईने विचारलं, "आज कोणता अध्याय?"