महिला विश्वचषकात ४८ संघ: गटसाखळीत लहान संघ हवेतच

बालेवाडीकर

२०३१ पासून महिलांच्या फुटबॉल विश्वचषकात ४८ संघ खेळणार, असं फिफानं मे २०२५ मध्ये ठरवलं. चार-चार संघांचे बारा गट, ६४ च्या जागी १०४ सामने, स्पर्धा आठवडाभर लांबणार. तेव्हापासून आमच्या रविवारच्या मंडळींत हाच वाद चालू आहे. बहुतेकांचं म्हणणं, आता गटसाखळीत नुसते धुव्वेच बघायचे. मला हे अजिबात पटत नाही.

आधी आपल्या पुण्यातलं उदाहरण घेतो. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई करंडक भारतात झाला. बारा संघ, तीन गट. गट क मध्ये जपान, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम आणि म्यानमार होते आणि त्यांचे बहुतेक सामने बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाले. कोविडमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे आपल्या दारात काय खेळलं गेलं हे निम्म्या पुण्याला अजून ठाऊक नाही. जपाननं कोरियाविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गोल केला आणि कोरियानं ८५ व्या मिनिटाला बरोबरी साधली, ती इथे. उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या जी सो-युननं ८७ व्या मिनिटाला गोल करून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं, तेही इथेच.

पण मला सांगायचंय ते त्या गटातल्या तळाच्या दोघांबद्दल. व्हिएतनाम जपान आणि कोरिया दोघांकडूनही ०-३ असा हरला. म्यानमार जपानकडून ०-५ आणि कोरियाकडून ०-२. मग दोघं एकमेकांशी खेळले, २-२. गुण सारखे, त्यामुळे गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) मोजला गेला: व्हिएतनाम उणे सहा, म्यानमार उणे सात. त्या एका गोलावर व्हिएतनाम तिसरा आला आणि सर्वोत्तम तिसऱ्यांपैकी एक म्हणून पुढे गेला. चीनकडून हरला, पण प्ले-ऑफमध्ये थायलंड आणि चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) हरवून २०२३ च्या विश्वचषकात पोचला, देशाच्या इतिहासात पहिल्यांदाच. जपानविरुद्ध ०-३ ने मागे असताना त्या पोरींनी हातपाय गाळले असते आणि आणखी दोन गोल खाल्ले असते, तर म्यानमार पुढे गेला असता. हरलेला सामनाही शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळावा लागतो, कारण तीन सामन्यांचा हिशोब एकत्र लागतो. गटसाखळीची खरी ताकद मला यात दिसते.

आणि धुव्व्यांचं म्हणाल, तर २०१९ मध्ये अमेरिकेनं थायलंडला १३-० हरवलं. चार वर्षांनी तीच अमेरिका नवख्या व्हिएतनामविरुद्ध ३-० वर थांबली आणि व्हिएतनामच्या गोलकीपरनं ॲलेक्स मॉर्गनची पेनल्टी अडवली. त्याच स्पर्धेत मोरोक्को पहिला सामना जर्मनीकडून ०-६ हरला. लोकांनी लगेच 'यांना कशाला घेतलं' म्हणायला सुरुवात केली. मोरोक्कोनं पुढचे दोन्ही सामने १-० जिंकले. पर्थच्या मैदानावर त्या खेळाडू एका फोनभोवती घोळका करून जर्मनी-कोरिया सामन्याची शेवटची मिनिटं बघत होत्या. तो १-१ सुटला आणि दोनदा विश्वविजेती ठरलेली जर्मनी गटातच संपली.

पहिल्या दिवशीचा निकाल बघून ज्यांना बाहेर काढायला निघाला होतात, त्याच दहा दिवसांनी बाद फेरीत होत्या. म्हणून म्हणतो, दार अजून उघडा.

स्वीपर

तुमची सगळी उदाहरणं ३२ संघांच्या बाजूची आहेत, ४८ च्या नाही. २०२३ ची गटसाखळी इतकी चुरशीची का झाली? आठ गट, प्रत्येकातून फक्त पहिले दोन. तिसऱ्याला काहीही नाही. म्हणून जर्मनी बाहेर गेली, ब्राझील गेला, यजमान न्यूझीलंड नॉर्वेला हरवूनही गोलफरकावर गेला. ब्राझीलच्या मार्तानं तो आपला शेवटचा विश्वचषक म्हणून सांगितलं होतं, आणि जमैकाविरुद्ध ०-० करून तिला परतावं लागलं. सामना बघताना पोटात गोळा येत होता.

४८ संघ झाले की बारा गटांतले २४ आणि वर आठ तिसऱ्या क्रमांकाचे संघ पुढे जाणार. हा प्रकार आपण बघितलेला आहे. २०१९ मध्ये संघ २४ होते आणि चार 'सर्वोत्तम तिसरे' पुढे जायचे. नायजेरियाचे सामने १७ जूनला संपले. मग २० जूनपर्यंत त्या मुली नुसत्या थांबून राहिल्या, कारण चिलीनं थायलंडला तीन गोलांनी हरवलं असतं तर नायजेरिया बाहेर होती. चिली २-० ने जिंकत होती, ८६ व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, चेंडू बारवर आदळला. नायजेरिया पुढे गेली. स्वतःच्या मैदानावर नाही, दुसऱ्यांच्या बारवर!

शिवाय शेवटच्या गटांना आधीच माहीत असतं की किती गोल लागतात. पहिल्या गटांना ते माहीत नसतं. ही स्पर्धा समान नाही. ३२ हा आकडा सुबक आहे, त्याला हात लावू नये.

आकडेमोड

स्वीपर, फक्त एक भर. ४८ संघांसाठी दुसरी रचनाही कागदावर होती. पुरुषांच्या २०२६ च्या स्पर्धेसाठी आधी तीन-तीन संघांचे सोळा गट ठरले होते. पण तिघांच्या गटात शेवटच्या सामन्याला एक संघ बाहेर बसतो आणि उरलेले दोघं सोयीचा निकाल लावू शकतात. म्हणून मार्च २०२३ मध्ये ते रद्द करून चार-चारचे बारा गट केले. म्हणजे ४८ घेतले की तिसऱ्या क्रमांकाची कटकट आलीच, टाळता येत नाही.

विमाननगर ९

बालेवाडीकर, व्हिएतनामची पेनल्टी सांगितलीत, पण तोच व्हिएतनाम नेदरलँड्सकडून ०-७ हरला हे गाळलंत. तीन सामने, एकही गोल नाही. आणि थायलंडचं काय? २०१५ आणि २०१९, सलग दोन विश्वचषक खेळले. पहिल्या वेळी आयव्हरी कोस्टला ३-२ हरवलंसुद्धा. मग? २०२३ ला पात्र ठरले नाहीत, आणि जुलै २०२५ मध्ये चियांग माईला स्वतःच्या घरी भारताकडून १-२ हरले. नुसतं मोठ्या स्पर्धेत नेऊन उभं केल्यानं संघ तयार होत नाही. घरची लीग नसेल तर तेरा गोल खाऊन माणूस तेवढंच शिकतो की आपण तेरा गोल खातो.

बालेवाडीकर

विमाननगर, ०-७ मला माहीत आहे आणि तो निकाल मी नाकारत नाही. पण थायलंडचं उदाहरण मला उलट दिशेनं दिसतं. थायलंड घसरला तेव्हा त्याची जागा कोणी घेतली? व्हिएतनामनं, फिलिपिन्सनं, आणि आता आशियाई करंडकापुरती आपण. चियांग माईच्या त्या सामन्यातले संगीता बासफोरचे दोन गोल आठवा. भारत पात्रता फेरी जिंकून आशियाई करंडकात पोचला तो तेव्हा, पहिल्यांदाच. २०२२ ला आपण यजमान म्हणून खेळलो होतो. जागा वाढल्या की वर कोणाची मक्तेदारी राहत नाही आणि खालच्यांना चढायला कारण मिळतं.

जमैका बघा. २०१९: तीन सामने, तीन पराभव, बारा गोल खाल्ले, एक केला. २०२३: फ्रान्सशी ०-०, पनामावर १-०, ब्राझीलशी ०-०. गटात एकही गोल खाल्ला नाही. २०१९ चा मार खाल्ला नसता तर २०२३ ची भिंत उभी राहिली असती असं मला वाटत नाही.

स्वीपर, तिसऱ्या क्रमांकाबद्दलची तुमची हरकत रास्त आहे. नायजेरियाचे ते तीन दिवस वाईटच. पण २०२२ च्या करंडकात व्हिएतनाम गेला तो तिसरा येऊनच ना?

स्वीपर

गेला. आणि त्याच स्पर्धेत भारताच्या डझनाहून जास्त खेळाडूंना कोविड झाला, संघ उभा करता आला नाही, नियमानुसार भारतानं माघार घेतली असं धरलं गेलं. इराणशी झालेली ०-० बरोबरी रद्द, आणि गट अ तीनच संघांचा उरला. मग तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना करायला इतर गटांतल्या चौथ्या संघांविरुद्धचे निकालच वगळावे लागले. मैदानात घाम गाळून मिळवलेले निकाल कागदावर पुसले गेले. एका संघावर आलेल्या संकटानं दुसऱ्याच गटांचा हिशोब बदलतो, अशी ही रचना नाजूक आहे. बारा गट असतील तेव्हा काय होईल?

मला लहान संघ नकोत असं नाही. मला त्यांना त्यांच्या तोलाचे सामने हवेत. युरोपनं २०२३ पासून महिलांची नेशन्स लीग सुरू केली, साधारण सारख्या ताकदीचे संघ एकमेकांशी खेळतात. आशियात हे करा. भारत, म्यानमार, इराण, नेपाळ यांना वर्षाला आठ-दहा चुरशीचे सामने द्या. चार वर्षांतून एकदा स्पेनकडून पाच गोल खाण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

खडकीची कोच

मी खडकीत शाळकरी मुलींना शिकवते. वरची सगळी चर्चा वाचली आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. मुली धुव्व्यानं खेळ सोडत नाहीत हो.

आमची एक गोलकीपर आहे, आठवीतली. ढोबरवाडीच्या मैदानावर एका सामन्यात तिनं नऊ गोल खाल्ले. शिनगार्डचा पट्टा तुटलेला, काळ्या इन्सुलेशन टेपनं गुंडाळलेला. सामना संपल्यावर रडली वगैरे नाही. पुढच्या सरावाला आली ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर गोलपोस्ट काढून. नऊ फुल्या मारलेल्या. सहा डाव्या बाजूला, जमिनीलगत. म्हणाली, "ताई, मला डावीकडे पडायला शिकवा." महिनाभर आम्ही तेवढंच केलं. डाव्या कोपरावरची सालं निघाली तिच्या.

आणि मग पुढचा सामनाच नव्हता. पावसाळा गेला, सहामाही गेली, मुलींच्या स्पर्धेची तारीख दोनदा ठरून पुढे ढकलली गेली. आई-वडिलांनी क्लास लावला. त्यांना मी काय तोंडानं थांबवणार? कशासाठी सराव करतेय याचं उत्तर माझ्याकडेच नव्हतं. ती आता येत नाही.

तेव्हा ३२ की ४८, यापेक्षा मला हे हवंय: ज्या देशाला विश्वचषकात उतरायचंय त्यानं मुलींची वयोगट लीग ठरावीक सामन्यांची चालवलीच पाहिजे, अशी अट घाला. नाही चालवली, प्रवेश नाही. मग बघा तारखा कशा भराभर ठरतात.

विमाननगर ९

ताई, शंभर टक्के. १७ वर्षांखालचा विश्वचषक २०२२ मध्ये आपल्याकडे झाला, तीन गटसामने: अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५. त्या पोरींची काहीच चूक नव्हती. खालून सामनेच मिळाले नव्हते.

स्वीपर

ताई, तुमचं दुखणं कळतं, पण ही अट खेळाडूंच्याच मुळावर येईल. जमैकाचंच घ्या, वर बालेवाडीकरांनी कौतुक केलंय. त्यांच्या महासंघानं महिला संघाला वर्षानुवर्षं वाऱ्यावर सोडलं होतं. २०२३ च्या आधी एका खेळाडूच्या आईनं लोकांकडून वर्गणी गोळा केली. तुमची अट असती तर महासंघाच्या नाकर्तेपणाची शिक्षा त्या मुलींना झाली असती. ब्राझीलसमोर त्या उभ्याच राहिल्या नसत्या.

खडकीची कोच

बरोबर आहे. मग अट प्रवेशावर नको, पैशावर घाला. २०२३ ला गटातच बाहेर पडलेल्या संघाच्याही प्रत्येक खेळाडूसाठी फिफानं तीस हजार डॉलर जाहीर केले होते आणि ते महासंघामार्फत जायचे होते. खेळाडूंचा वाटा थेट त्यांच्या खात्यात जाऊ दे, त्याला कोणी हात लावायचा नाही. पण महासंघाला म्हणून जी रक्कम मिळते, ती मुलींचे किती सामने झाले हे बघून हप्त्यानं द्या. मैदान, तारीख, पंचाचं नाव, दोन्ही संघांची यादी, सगळं दाखवा आणि पुढचा हप्ता घ्या. आमच्याकडे पाच रुपयांच्या बिलाचा हिशोब मागतात, त्यांच्याकडेही मागा.

बालेवाडीकर

हे जमण्यासारखं आहे. आणि म्हणूनच मला ४८ हवेत, ताई. ज्या महासंघाला कधीच तिथं पोचायचं नाही, त्याच्या हातात हप्ताही नसणार आणि अटही लागू होणार नाही. फिफाच्या क्रमवारीत सत्तरच्या आसपास असलेल्या भारताला ३२ संघांच्या स्पर्धेचं आमिष पुरेसं वाटेल का? ४८ मध्ये ते हाताला लागण्याइतकं जवळ येतं. मग पुढे ढकललेली एकेक तारीख महाग पडायला लागेल.

स्वीपर

पैशाची अट मान्य, उद्यापासून लागू करा. पण ती लावायला ४८ संघ लागत नाहीत. आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीपासूनच लावता येते, तिथं भारत आत्ताही खेळतो.