मदत हवी आहे: शुद्ध लोकरीचे तपकिरी स्कॅप्युलर (दोरीने जोडलेले कापडाचे दोन छोटे तुकडे, कॅथलिक भाविक गळ्यात घालतात) नाशकात कुठे मिळतील?

१६ जुलैला कार्मेल मातेचा (मरियेचा) सण आहे. त्या दिवशी ४० जणांना स्कॅप्युलर द्यायचे आहेत. बाळ येशूच्या सणाला नाशिकरोडला दुकानांत मिळतात ते बहुतेक पॉलिस्टरचे किंवा फेल्टचे. कापड विणलेलंच हवं, तेही लोकरीचं. फेल्ट दाबून केलेलं असतं, म्हणून चालत नाही. चित्र नसलं तरी चालतं, दोरी कशाचीही असो.

मिळालेच नाहीत तर घरी शिवू. २ बाय अडीच इंचाचे ८० तुकडे, म्हणजे अर्धा मीटर पुष्कळ झालं. मेनरोडला किंवा भद्रकालीत साधं तपकिरी लोकरी कापड सुटं मिळतं का? (धागा जाळून बघा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिस्टरची कडक गोळी होते.)

दुसरं, हल्ली कापडी स्कॅप्युलरऐवजी थेट धातूचं पदकच गळ्यात घालतात. रोमने १९१० मध्ये दिलेल्या परवानगीनुसार पदक नंतर चालतं, पण पहिला स्वीकार कापडी स्कॅप्युलरनेच, धर्मगुरूंच्या हातून. कापडी झिजला तर नवा पुन्हा आशीर्वादित करावा लागत नाही, पदक मात्र दर वेळी करावं लागतं.

जुन्या लॅटिन विधीने देणारे फादर इथे कुणी आहेत का? विधीचा मराठी मजकूर असेल तर तोही टाका.