ऑस्ट्रेलियातील रानटी मांजरांना ठार मारणे समर्थनीय आहे का?

माळावरचा (धागाकर्ता)

ज्या खंडावर मार्जारकुळातला एकही प्राणी मुळात नव्हता, त्या ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ संपूर्ण भूभागावर आज मांजर आहे. हे आपल्याकडचे रानमांजर नव्हे. युरोपीय वसाहतकारांच्या जहाजांतून उतरलेल्या घरगुती मनीचीच ही रानात वाढलेली संतती आहे. एकोणिसाव्या शतकात सशांना आवर घालण्यासाठी ती मुद्दाम रानात सोडलीही गेली. सशांना आवर बसला नाही, मांजरे मात्र मध्यभागीच्या वाळवंटापर्यंत पोहोचली. संशोधकांच्या अंदाजानुसार रानातली आणि वस्तीलगतची मिळून बिनमालकीच्या मांजरांची संख्या दुष्काळात सुमारे २१ लाख असते आणि सर्वदूर चांगला पाऊस झाला की ती ६३ लाखांपर्यंत जाते. पाळीव मांजरेही धरून दरवर्षी सुमारे ३७ कोटी ७० लाख पक्षी आणि ६५ कोटींच्या आसपास सरपटणारे प्राणी त्यांच्या तोंडी पडतात.

२०१५ मध्ये तेथील केंद्र सरकारने पाच वर्षांत २० लाख मांजरे मारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हा फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो आणि गायक मॉरिसी यांच्यासह जगभरातून निषेध झाला. २०२३ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री टान्या प्लिबरसेक यांनी पुन्हा मांजरांविरुद्ध युद्धाचीच भाषा केली. माझ्या मते हे निर्मूलन केवळ समर्थनीय नाही, तर ज्यांच्या पूर्वजांनी हा प्राणी तेथे नेला त्यांचे ते कर्तव्य आहे. १७८८ नंतर या देशाने तीसहून अधिक स्थानिक सस्तन प्राण्यांच्या जाती गमावल्या आणि त्यांपैकी वीसहून अधिक जातींच्या नाशात मांजरांचा हात आहे. बर्बिज आणि मॅकेन्झी या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये दाखवून दिले, की नष्ट झालेल्या किंवा घटलेल्या जाती बहुतांशी ३५ ग्रॅम ते साडेपाच किलो या वजनाच्या आहेत. मांजर आणि कोल्हा ज्यांना सहज लोळवू शकतात, नेमके तेच हे प्राणी.

आता पद्धतीविषयी. जिवंत भक्ष्याची चटक लागलेले मांजर आमिषाला सहसा तोंड लावत नाही. जॉन रीड या परिसंस्थाशास्त्रज्ञाने बनवलेले 'फेलिक्सर' हे यंत्र म्हणूनच मला विलक्षण वाटते. सौरऊर्जेवर चालणारी ही पेटी पायवाटेच्या कडेला उभी असते. तिच्यासमोरून जनावर गेले, की वेगवेगळ्या उंचीवरचे संवेदक त्याची उंची आणि चण तपासतात. डिंगो हा तेथील रानकुत्रा अधिक उंच ठरतो, बेटाँगसारखा छोटा शिशुधान प्राणी खालच्या खाली निघून जातो आणि मांजराची आकृती जुळली तरच काही फुटांवरून विषारी जेलचा एक फवारा त्याच्या कुशीवर बसतो. अंगाला काही चिकटलेले मांजराला खपत नाही. ते स्वतःला चाटून स्वच्छ करते आणि त्यातच मरते. इतर प्राण्याचा बळी जाण्याची शक्यता याहून कमी असलेला उपाय कोणाला माहीत असल्यास त्याने तो अवश्य मांडावा.

मार्जारमित्र

यंत्राचे कौतुक वाचले. त्या जेलमध्ये काय असते, हे मात्र धागाकर्त्यांनी सांगितलेले नाही. ते 'टेन-एटी', म्हणजेच सोडियम फ्लुओरोॲसिटेट असते. पेशींना ऊर्जा मिळण्याची क्रियाच हे विष बंद पाडते, आणि मांसाहारी प्राण्यांत त्याचा परिणाम आचके, धावाधाव आणि मग मृत्यू असा होतो. ऑस्ट्रेलियातील प्राणिकल्याणाची सर्वांत परिचित संस्था असलेली आरएसपीसीए हे विष मानवीय मानत नाही. ज्या जिवाला आपण तेथे कसे आलो हेही ठाऊक नाही, त्याला आपल्या आजोबा-पणजोबांच्या चुकीची शिक्षा म्हणून असे मरण द्यायचे, याला मी कर्तव्य म्हणू शकत नाही.

ॲरियन वॉलक यांच्यासारखे काही शास्त्रज्ञ 'करुणामय संवर्धना'ची भूमिका मांडतात. त्यांचे म्हणणे एवढेच, की जातीच्या नावाखाली एकेका जिवाचे मोल शून्य धरू नये. दुसरे असे, की क्वीन्सलंडमध्ये गुरांच्या कुरणांसाठी विस्तीर्ण झाडोरा तोडला गेला, त्याबद्दल कोणत्या मंत्र्याने युद्ध पुकारले? ब्रॅम्बल के या चिमुकल्या बेटावरचा मेलोमिस हा उंदीर समुद्राचे पाणी चढल्याने कायमचा गेला. तेथे तर दोष द्यायला मांजरही नव्हते. चोर सोडून संन्याशाला सुळी, असा हा प्रकार आहे.

कॅनबेराकर

माझ्या घरी मांजर आहे आणि तरीही मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. आमच्याकडे १ जुलै २०२२ पासून किंवा त्यानंतर जन्मलेले प्रत्येक मांजर मालकाच्या आवारातच ठेवावे लागते. आम्ही मागच्या व्हरांड्याला जाळी लावून घेतली, आणि आमची मनी जाळीला नाक लावून समोरच्या मॅगपाय पक्ष्याकडे बघत दिवसभर दात वाजवत बसते. तो आवाज एकदा ऐकला, की पोटभर खाऊ घातलेले मांजर शिकार करणार नाही, हा गोड गैरसमज उरत नाही.

टेन-एटीविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. हे विष प्रयोगशाळेत बनत असले, तरी ते निसर्गातही आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागातील गॅस्ट्रोलोबियम या झुडपांत ते आढळते आणि त्या झुडपांच्या सोबतीने उत्क्रांत झालेले तेथील स्थानिक प्राणी ते बऱ्याच प्रमाणात पचवू शकतात. पूर्वेकडच्या प्राण्यांना मात्र हे संरक्षण तितके नाही. त्यामुळे एकाच विषाबद्दल पर्थजवळ जे म्हणता येते ते सिडनीजवळ म्हणता येत नाही.

विषाशिवाय मार्ग नाहीच, असेही नाही. पश्चिमेच्या वाळवंटातील किविर्कुरा येथील पिंतुपी आदिवासी मांजराच्या पावलांचा माग काढून ते पकडतात, आणि त्यातल्या निष्णात शिकाऱ्यांत स्त्रिया आहेत. उन्हाच्या तडाख्यात माग न सोडता चालत राहिले की मांजर दमते व कुठल्यातरी झुडपात दडून बसते. ते मारून भाजून खाल्ले जाते. बिल्बी या लांब कानांच्या दुर्मिळ शिशुधान प्राण्याची बिळे कोठे आहेत, हेही हेच लोक जाणतात. श्री. मार्जारमित्र यांच्या करुणेच्या हिशेबात ही शिकार कोठे बसते, हे जाणून घ्यायला आवडेल.

मार्जारमित्र

भुकेसाठी, आपल्या भूमीवर आणि स्वतःच्या पायांनी केलेली शिकार मी सरकारी लक्ष्यांकाच्या पंक्तीला बसवणार नाही. माझा विरोध लक्ष्यांकाला आहे.

उंटावरचा शहाणा

करुणा थोडा वेळ बाजूला ठेवू आणि हे निर्मूलन कामाचे आहे का, एवढेच पाहू. कारण माझा आक्षेप मांजर मारण्याला नाही. मांजरे मोजून संवर्धन झाले असे मानण्याला आहे.

२० लाखांचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा देशात मांजरे सुमारे दोन कोटींच्या घरात असावीत, असा जुना अंदाज प्रचलित होता. पुढे शास्त्रीय मोजणीतून तो कितीतरी खाली आला, पण उद्दिष्ट तेच राहिले! टिम डोहर्टी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याच मुद्द्यावर टीका केली होती. शहराच्या कचरा डेपोवर मारलेली शंभर मांजरे आणि रात्रपोपट या अतिदुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याजवळ मारलेले एक मांजर, यांत सरकारी तक्त्याच्या दृष्टीने पहिली कामगिरी शंभरपट मोठी ठरते.

त्याहून गंभीर बाब टास्मानियाची आहे. दक्षिण टास्मानियातील दोन ठिकाणी थोडीथोडकी मांजरे पकडून मारण्याचा प्रयोग झाला आणि कॅमेऱ्यांनी त्याच काळात मोजणी केली. मांजरे घटायला हवी होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी ती सुमारे पाऊणपटीने, तर दुसऱ्या ठिकाणी दुपटीहून अधिक वाढलेली दिसली. जागा धरून बसलेला दांडगा बोका गेला, की आजूबाजूची तरुण मांजरे मोकळ्या जागेत घुसतात, हे त्याचे सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण आहे. म्हणजे अर्धवट मारणे हे न मारण्यापेक्षाही वाईट ठरू शकते.

आणि जेथे मांजरांवर बंदूक न रोखताही ती घटली, ते उदाहरण धाग्यात अजून आलेलेच नाही. १९९५ मध्ये सशांचा एक घातक विषाणू वार्डांग बेटावरच्या विलगीकरण केंद्रातून निसटून मुख्य भूमीवर पसरला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष भागातले ससे मोठ्या प्रमाणात मेले. सशांवर जगणारी मांजरे व कोल्हे त्यामागोमाग घटले, आणि पुढच्या काही वर्षांत उड्या मारणारे स्थानिक उंदीर व मल्गारा हा छोटा मांसाहारी शिशुधान प्राणी अशा भागांत पुन्हा दिसू लागले, जेथून ते नाहीसे झाले होते. पोसणारे ताट काढून घेतले, तर पाहुणा आपोआप उठतो. वायव्येकडच्या किम्बर्ली भागात गळ्यात जीपीएस बांधलेली मांजरे दहा-बारा किलोमीटर चालून नुकत्याच जळालेल्या रानात शिकारीला जाताना आढळली आहेत, कारण तेथे भक्ष्याला लपायला गवत उरत नाही. वणवे आणि गुरांची चराई नीट हाताळली, तर तेच मांजर कमी शिकार करते. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात युद्ध म्हणण्यासारखे काही नाही, म्हणून ते घोषणेत बसत नाही.

माळावरचा (धागाकर्ता)

शहाणे यांनी टास्मानियाचे उदाहरण दिले ते योग्यच, पण त्यातून निघणारा निष्कर्ष 'मारू नका' असा नसून 'अर्धवट मारू नका' असा आहे. पूर्ण मारणे जेथे जमले, तेथे काय झाले ते पाहा. मध्य ऑस्ट्रेलियातील न्यूहेवन अभयारण्यात २०१८ मध्ये ४४ किलोमीटर लांबीचे मांजररोधक कुंपण पुरे झाले आणि सुमारे ९,४०० हेक्टरच्या त्या आवारातली मांजरे वार्लपिरी या आदिवासी मागकाढ्यांच्या मदतीने काढून टाकण्यात आली. डर्क हार्टॉग हे सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपासचे बेट मांजरमुक्त झाले आणि तेथे नाहीसे झालेले प्राणी पुन्हा सोडले जात आहेत.

मॅक्वारी बेटाचे उदाहरण कोणी माझ्याविरुद्ध देण्याआधी मीच देतो. तेथील शेवटची मांजरे २००० पर्यंत संपवण्यात आली, त्यानंतर सशांची संख्या भडकली आणि डोंगरउतार खरवडून निघाले. विरोधक एवढेच सांगून थांबतात. सशांना रोखणाऱ्या मिक्सोमा विषाणूची परिणामकारकताही त्याच सुमारास ओसरत होती, हे ते सांगत नाहीत. मांजरे गेल्यानंतर करडे पेट्रेल हे समुद्रपक्षी जवळजवळ शतकानंतर त्या बेटावर पुन्हा अंडी घालू लागले, हेही सांगत नाहीत. पुढे सुमारे अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून ससे, उंदीर व घुशी काढल्या गेल्या आणि २०१४ मध्ये बेट उपद्रवमुक्त घोषित झाले. चूक मांजरे मारण्याची नव्हती. ससे आधी किंवा सोबतच न काढण्याची होती.

उंटावरचा शहाणा

कुंपण मलाही मान्य आहे. पण कुंपणाआड वाढलेली पिढी मांजर ओळखतच नाही. रॉक्सबी डाउन्सजवळच्या 'ॲरिड रिकव्हरी' राखीव क्षेत्रात १९९७ पासून याच कामाचा अनुभव आहे आणि तेथील संशोधकांनी एक धाडसी प्रयोग केला: बिल्बी आणि बेटाँग यांच्या आवारात मोजकी मांजरे मुद्दाम राहू दिली. काही वर्षांनी तेथले बेटाँग अधिक सावध झालेले आढळले, आणि मांजरांसोबत राहिलेल्या बिल्बी मांजरे असलेल्या दुसऱ्या क्षेत्रात सोडल्यावर नवख्या बिल्बींपेक्षा अधिक तगल्या. थोड्या मांजरांनी जे शिकवले ते शून्य मांजरांनी शिकवले नसते. आता सांगा, प्रत्येक मांजर मेलेच पाहिजे का?

त्याहून मोठे उत्तर डिंगोकडे आहे. रात्रपोपट हा पक्षी कित्येक दशके नामशेष झाल्यासारखाच मानला जात होता; २०१३ मध्ये पश्चिम क्वीन्सलंडमध्ये तो जिवंत असल्याचा छायाचित्रासह पुरावा मिळाला. २०२४ मध्ये ग्रेट सँडी वाळवंटातील न्गुरुर्पा या आदिवासी संरक्षित क्षेत्रात तेथील रक्षक आणि शास्त्रज्ञांना पन्नासपर्यंत रात्रपोपट असावेत असे पुरावे मिळाले. त्या भागातल्या डिंगोंच्या विष्ठेत मांजराचे अवशेष सापडले. तेथे मांजरांसाठी विष टाकले, तर ते मांजर खाणाऱ्या डिंगोलाही मारेल. टेन-एटी कुत्र्याच्या जातीला किती घातक आहे, हे कोणत्याही ऑस्ट्रेलियन मेंढपाळाला विचारा.

माळावरचा (धागाकर्ता)

मेंढपाळाला विचारले तर तो ५,६०० किलोमीटर लांबीच्या डिंगोच्या कुंपणाकडे बोट दाखवेल आणि आपली सारी चर्चा तेथेच थांबेल. आग्नेयेकडच्या मेंढ्यांच्या पट्ट्यात डिंगो परत आणण्याची सूचना राजकीयदृष्ट्या कोणताही पक्ष उचलणार नाही, आणि डिंगो मांजरांना सर्वत्र सारखेच दाबून ठेवतो, यावर शास्त्रज्ञांतही एकमत नाही. न्गुरुर्पासारख्या ठिकाणी डिंगोला हात लावू नये आणि विमानातून विष टाकू नये, हे मी मान्य करतो. तेथे मागकाढे किंवा डिंगोला वगळणारी यंत्रे वापरावीत. परंतु जेथे डिंगो नाही, कुंपण परवडत नाही आणि झुडपाखाली नंबॅट या वाळवी खाणाऱ्या छोट्या शिशुधान प्राण्याची शेवटची दोन-चार डझन जनावरे उरली आहेत, तेथे गवत वाढण्याची वाट बघत बसणे मला मान्य नाही.

कॅनबेराकर

मग दोघांचे भांडण उद्दिष्ट कशात मोजायचे, एवढ्यावरच येऊन थांबते. मारलेल्या मांजरांचा आकडा वार्षिक अहवालातून काढून टाकावा आणि त्या जागी त्या-त्या क्षेत्रातील बिल्बीची वापरातली बिळे, नंबॅटची नोंद आणि रात्रपोपटाच्या ध्वनिमुद्रित हाका लिहाव्यात, याला धागाकर्त्यांची हरकत आहे का?

माळावरचा (धागाकर्ता)

नाही. फक्त त्या तक्त्यात सशांचाही रकाना असावा.

मार्जारमित्र

आणि मांजर कशाने मेले, याचाही.