डब्ल्यू-३० मधला सिक्वेन्सर: वापरायचा की नुसता मिरवायचा?

पेटीवाला:
गेल्या दिवाळीत एका बंद पडलेल्या स्टुडिओतून रोलंडचा डब्ल्यू-३० उचलला, म्हणजे बाहेरचे आवाज टिपून पट्ट्यांवर वाजवणारा सॅम्पलर कीबोर्ड. १९८९ सालचं मशीन, १२ बिट. ३० किलोहर्ट्झला (सेकंदाला ३० हजार नमुने घेऊन) सगळी सॅम्पल्स, म्हणजे टिपलेले आवाज, मिळून जेमतेम १४.४ सेकंद मावतात. चालू करायचं तर आधी फ्लॉपी घालायची, घरघर ऐकत बसायचं, मग पडदा जागा होतो. मित्रमंडळींचं एकच पालुपद, ‘आवाज याचा घे, पण सिक्वेन्सिंग (वाजवलेले सूर नोंदवून परत वाजवून घेणं) कॉम्प्युटरवर कर.’ मला हे अजिबात पटत नाही. आतल्या १६ ट्रॅकच्या सिक्वेन्सरला हात लावला नाही, तर मशीन अर्धंच विकत घेतलं म्हणायचं.

कालचंच सांगतो. ढोलकीचे तीन ठोके सॅम्पल केले, दोन शाईचे आणि एक धुम्याचा. मेट्रोनोम लावून दोन बार वाजवले. धुम्याचा ट्रॅक क्वांटाइझ केला, म्हणजे ठोके मशीनकडून नेमक्या मात्रेवर बसवून घेतले, शाईचा मुद्दाम तसाच ठेवला. पाचव्या-सहाव्या वेळी ठेका असा बसला की चहा गार झाला तरी उठवेना. कॉम्प्युटर असता तर प्रत्येक ठोका रेषेवर आहे का हे बघण्यातच संध्याकाळ गेली असती. इथे बघायला काही नाहीच, त्यामुळे ऐकावं लागतं.

आणि लियम हाउलेटने ‘द प्रॉडिजी’ या आपल्या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक बँडची सुरुवातीची गाणी याच मशीनवर बांधली, हे विसरू नका.

रात्रपाळी:
हाउलेटचं नाव येणार हे माहीत होतं! त्याच माणसाने २००४ चा अल्बम लॅपटॉपवर, रीझन नावाच्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये केला. तेव्हा घरात डब्ल्यू-३० नव्हता म्हणून?

त्या काळी पर्याय महाग होते, म्हणून लोक आतला सिक्वेन्सर वापरायचे. आता तुम्ही हौसेने गैरसोय विकत घेताय. एक सूर हलवायला आकड्यांच्या यादीत किती खाली उतरायचं? शिवाय मशीन बंद केलं की मेमरी साफ. माझ्याकडे याच जातीचं एक मशीन होतं. दोन तास बसून गाणं जुळवलं, सेव्ह करायला फ्लॉपी शोधत होतो आणि वीज गेली. गाणं गेलंच, त्यातली मधली सुरावट आजतागायत आठवलेली नाही. तेव्हापासून मी जुन्या मशीनकडून फक्त आवाज घेतो.

तारकाम:
रात्रपाळी, वीज गेली हा सिक्वेन्सरचा दोष कसा? असो. टायमिंगचं कोणी बोलत नाहीये, ते मी बोलतो.

मिडीच्या, म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा हे एका वाद्याकडून दुसऱ्याकडे कळवणाऱ्या, तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका सुराचा संदेश तीन बाइटचा, प्रत्येक बाइटला दहा बिट, म्हणजे एक सूर जवळपास एक मिलिसेकंद खातो. कॉम्प्युटरवरून एकाच तारेतून आठ सूर एकदम सोडले, तर पहिल्या आणि शेवटच्यात जवळपास सात मिलिसेकंदांचं अंतर पडतं. आतला सिक्वेन्सर आतलेच आवाज वाजवतो, तेव्हा ही तार मध्ये येतच नाही.

रात्रपाळी:
सात मिलिसेकंद! ढोलकीवाल्याचा हात त्याहून जास्त मागेपुढे होतो, आणि त्यालाच आपण रंगत म्हणतो. आतल्या जुन्या प्रोसेसरला तरी सगळं एका दमात उरकतं का?

कंजूस कारभारी:
दोघांनाही एक आठवण. ट्रॅक १६ असले तरी एका वेळी वाजणारे आवाजही १६ च. पॅड (मागे भरून राहणारा लांब आवाज) धरून ठेवला आणि वर ठेका भरला की जुने सूर मधेच तुटतात. सिक्वेन्सर आतला असो की बाहेरचा, हे टळत नाही.

जागा वाचवायची असेल तर जुनी युक्ती आहे. ३३ ची रेकॉर्ड ४५ वर लावून सॅम्पल घ्यायचं आणि कीबोर्डवर काळ्या-पांढऱ्या मिळून साधारण पाच पट्ट्या खाली वाजवायचं. १४.४ सेकंदांत १९ सेकंदांहून जास्त माल बसतो. आवाज थोडा मातकट होतो. मला तो तसाच आवडतो, बाकीच्यांनी ठरवावं.

पेटीवाला:
कारभारी, आज रात्रीच करून बघतो.

रात्रपाळी, सेव्हचं म्हणणं मान्य. मी आता फ्लॉपी काढून तिथे गोटेक, म्हणजे फ्लॉपीऐवजी यूएसबी स्टिक घेणारा ड्राइव्ह, बसवणार आहे, घरघर गेली तरी चालेल. पण सिक्वेन्सर सोडणार नाही. शनिवारी एकच ठेका दोन्हीकडून वाजवून रेकॉर्ड करतो आणि कुठला कशावरचा ते न सांगता टाकतो. ओळखून दाखवा.

रात्रपाळी:
ओळखतो. अट एवढीच की दोन्हीसाठी वेगवेगळं वाजवायचं नाही. एकदाच वाजवा, मिडी आउटची तार कॉम्प्युटरला जोडा आणि तेच वाजवणं दोन्हीकडे एकदम रेकॉर्ड होऊ द्या. आणि कॉम्प्युटरवर क्वांटाइझ कराल तर तोही फक्त धुमाच.