मदत हवी आहे: मुलीचं नाव ‘म्हादई’, इंग्रजी स्पेलिंग काय लिहू?

वाळपयकर: सोमवारी फॉर्म द्यायचाय, म्हणून घाईत विचारतोय. नाव ठरलंय. एम-एच-ए-डी-ई-आय लिहू की एम-ए-एच-ए-डी-ए-वाय-आय? घरात दोन तट पडलेत. कृपया फक्त स्पेलिंगबद्दल सांगा.

मडगावची: कुठला फॉर्म? जन्मदाखला, पासपोर्ट की शाळा? बाळ केवढं आहे?

पेडण्याचा काका: मुलीला नदीचं नाव नको. नक्षत्र, झाड, नदी यांचं नाव असलेली मुलगी लग्न करून आणू नये, असं मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातच आहे. आजीचं नाव ठेवा.

म्हापशाहून: काका, मग गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा या आपल्या आज्या कुणी करून आणल्या? माझ्या आजेसासूबाई गोदावरी. पाच मुलं वाढवली, शेत राखलं. म्हादई खानापुराकडून गोव्यात सत्तरी तालुक्यात उतरते आणि पुढे तिचीच मांडवी होते. सत्तरीतल्या मुलीला याहून आपलं नाव कुठलं?

दर्यावर्दी: नौदलाची ‘म्हादई’ विसरलात? दिवाडीला बांधलेली शिडाची नौका. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, नंतर अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता. नौकेवर पहिलंच स्पेलिंग आहे.

खाजनवाट: म्हादईच्या पाणीतंट्याच्या लवादाच्या नावात मात्र दुसरं आहे. सरकारी कागदांत तेच चालेल.

दर्यावर्दी: सत्तरीतलं अभयारण्यही सरकारीच आहे, त्याचं नाव पहिल्या स्पेलिंगने लिहितात. लवादाचा इथे काय संबंध?

मडगावची: अहो, बाळाचं वय सांगा आधी. जन्म नावाशिवाय नोंदला असेल तर बारा महिन्यांत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा घातलेलं बदलायला मात्र १९९० चा नावबदल कायदा आणि भरपूर खेटे. सोमवारची घाई करू नका.

वाळपयकर: नऊ महिन्यांची आहे. नोंद नावाशिवाय झालीय. दाखला झाला की लगेच पासपोर्ट, कारण बायकोला कुवेतला कामावर रुजू व्हायचंय. ती सासष्टीची, ख्रिस्ती. सासूबाईंना संतिणीचंच नाव हवंय, नाहीतर पाद्री बाप्तिस्मा देणार नाहीत असं त्या म्हणतात.

मडगावची: हे आत्ता सांगताय! स्पेलिंगचा प्रश्नच नव्हता हा. मीही कॅथलिक. १९८३ च्या चर्च कायद्यात संताचंच नाव हवं असं कुठेही नाही. ख्रिस्ती भावनेला परकं नसावं, एवढंच. माझ्या भाचीचा बाप्तिस्मा ‘आबोली’ नावानेच झाला.

जुने कागद: पोर्तुगीज पासपोर्टचा विचार असेल तर आजोबांची जन्मनोंद आताच काढा. आमच्या नाईकचं तिथे एन-ए-आय-क्यू-यू-ई झालंय, त्यात दोन वर्षं गेली.

म्हापशाहून: त्यांनी ते विचारलंच नाहीये.

वाळपयकर: पोर्तुगीज पासपोर्ट नकोय. काल रात्री लसीच्या कार्डामागे पेन्सिलीने दोन्ही स्पेलिंगं लिहून सासूबाईंपुढे ठेवली. बाळ मांडीवर होतं. पहिलं त्यांनी बरोबर वाचलं. दुसऱ्याचं ‘महादायी’ झालं, मग पुन्हा पहिल्यावर बोट ठेवून बाळाला हाक मारली. पहिलंच भरतो. मडगावची ताई, भाचीचं वाचून दाखवलं, त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, मागे मारिया लावा. दाखल्यावर ‘म्हादई मारिया’ घालू, की मारिया चर्चपुरतंच ठेवू?

मडगावची: आडनाव कुणाचं लावताय, ते आधी सांगा.