डिस्क अधूनमधून एरर देते: आधी डिस्क बदलायची की केबल?

काळी_खिडकी

लिनक्सवर हार्ड डिस्कने अधूनमधून एरर द्यायला सुरुवात केली की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: "डिस्क गेली, नवी घ्या." माझ्या मते हा सल्ला निव्वळ आळसातून येतो. बॅकअप आहे का ते बघा, नसेल तर आत्ता घ्या, आणि मग लॉग वाचल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

निमित्त सांगतो. मित्राच्या छापखान्यातलं मशीन, डेबियन लिनक्स, दोन डिस्क एमडी रेड-१ मध्ये (एमडी म्हणजे लिनक्सचं रेड सॉफ्टवेअर; रेड-१ म्हणजे मिरर, दोन्ही डिस्कवर एकच डेटा). दिवसभर कुरकुर नाही. रात्री बॅकअप लिहिताना मात्र कधीतरी काही सेकंद गोठतं आणि पुन्हा मुकाट चालू लागतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या लॉगमध्ये) "फेल्ड कमांड: राइट एफपीडीएमए क्यूड", खाली "आयसीआरसी एबीआरटी", मग "हार्ड रिसेटिंग लिंक". असं काही वेळा झाल्यावर कर्नलनेच लिंकचा (डिस्क-बोर्ड जोडणीचा) वेग ६ गिगाबिटवरून ३ वर आणला. देखभालवाल्याने हे सगळं न बघता नव्या डिस्कचं कोटेशन दिलं.

आयसीआरसी म्हणजे डेटा वायरीतून येताना बिघडला, डिस्कने चेकसम ताडून पाहिला आणि तो जुळला नाही म्हणून नकार दिला. म्हणजे डिस्कने आपलं काम चोख केलं! तबकडीवरचा सेक्टरच (डेटाचा छोटा कप्पा) वाचता आला नसता तर तिथे "यूएनसी" दिसलं असतं. स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिचे) आकडेही तेच सांगतात: १९९ नंबरचा सीआरसी काउंट वाढलेला, ५ (रीअ‍ॅलोकेटेड, बदली जागा दिलेले सेक्टर), १९७ (पेंडिंग, वाचता न आल्याने संशयित सेक्टर) आणि १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर) तिन्ही शून्य. अशा वेळी डिस्क बदलून काय साधणार? नवी डिस्कही त्याच केबलला लागणार.

रोखठोक_अ‍ॅडमिन

मी त्या आळशी सल्लेवाल्यांपैकीच एक, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

स्मार्ट स्वच्छ म्हणून डिस्क चांगली, हे गृहीतकच कच्चं आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे तुमच्या तीन शून्यांवर विसंबून मी कुणाचा डेटा पणाला लावणार नाही. उलट पहिला स्कॅन एरर आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट, हेही त्याच अभ्यासात आहे.

दुसरं, तुम्ही एक मशीन सांभाळता, मी बरीच सांभाळतो. लग्नसराईत छापखाना अर्धा दिवस बंद राहिला तर त्यात किती डिस्क आल्या असत्या याचा हिशोब मालकाला विचारा.

काळी_खिडकी

अभ्यास चांगला काढलात, पण तोच पेपर पुढे वाचा. सीआरसी एरर हे डिस्क जाण्यापेक्षा केबल आणि कनेक्टरचं लक्षण आहे, असं त्यातच म्हटलंय. ३९ पटीचा आकडा स्कॅन एररचा, म्हणजे पृष्ठभागावर वाचता न आलेल्या जागांचा. आमच्याकडे तशी एकही नाही.

आणि अर्ध्या दिवसाचं म्हणाल तर डिस्क बदलल्यावर रीबिल्ड (नव्या डिस्कवर प्रत उतरवणं) चालतं तेव्हा सगळी भिस्त उरलेल्या एकाच डिस्कवर असते. ती पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचावी लागते. त्याच वेळी नवी डिस्क जुन्या केबलवर लिहिताना रिसेट खात बसली तर? चालता मिरर आपल्या हाताने मोडल्यासारखं होईल.

बंदरावरची_पोर

तुम्ही दोघं डिस्क-केबल, डिस्क-केबल करताय. पॉवरचं कुणी बोलणार आहे का?

आमच्याकडे रत्नागिरीला खारट हवा, त्यात पावसाळा चार महिने. संपर्काच्या पट्ट्यांवर थर चढतो. वीजही खेळ करते. मी सगळ्यात आधी स्मार्टचा १२ नंबर बघते, पॉवर सायकल काउंट. मशीन बंद केलेलं नसताना हा आकडा वाढला असेल तर डिस्कची वीज मधेच गेली होती, विषय संपला. सोबत १९२ वाढला असेल तर खात्रीच, कारण वीज अचानक गेली की हेड घाईघाईने मागे घेतलं जातं ते तिथे मोजतात. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) म्हातारा असतो, नाहीतर जुन्या चार पिनांच्या प्लगवरून सॅटाची (आताच्या डिस्क-जोडणीची) वीज काढणारा तो स्वस्तातला ओतीव अडॅप्टर असतो. तो आधी काढून फेका. आतल्या तारा इतक्या जवळ असतात की शॉर्ट होऊन जळल्याची उदाहरणं आहेत.

फक्त_वाचतो

एनसीक्यू (डिस्कला एकदम अनेक कमांड देण्याची सोय) बंद करा. क्यू डेप्थ १ करा. माझा प्रॉब्लेम गेला.

काळी_खिडकी

@फक्त_वाचतो, गेला की दिसेनासा झाला? एनसीक्यू बंद केल्यावर डिस्ककडे एका वेळी एकच कमांड जाते, लिंकवरचा ताण उतरतो आणि काठावरची केबल तग धरते. काही मॉडेलांची एनसीक्यू खरंच बिघडलेली असते, कर्नलमध्ये त्यांची यादीच आहे. तुमची डिस्क त्यात नसेल तर तुम्ही लक्षण दाबलंत.

@बंदरावरची_पोर, ताई, १२ नंबर बघायचा राहिला होता. आज बघून सांगतो.

पहिला_रविवार

माझा अनुभव रोखठोक यांच्या बाजूचा आहे, पण कारण वेगळं. आमच्या ऑफिसच्या मशीनवरची "अधूनमधून" येणारी एरर तारखा लिहून काढल्यावर अधूनमधून राहिलीच नाही. दर महिन्याचा पहिला रविवार, मध्यरात्रीनंतर! डेबियनवर एमडीची मासिक तपासणी तेव्हाच सुरू होते. एरवी ज्या कोपऱ्याला कुणी हात लावत नाही तोही तेव्हा वाचला जातो आणि तिथला खराब सेक्टर उघडा पडतो. आमच्याकडे यूएनसी होतं आणि १९७ दर महिन्याला चढत होता. मी डिस्क बदलली, आणि केबलला हातही लावला नाही.

अशा केसमध्ये अजून एक गंमत होते. डेस्कटॉपची साधी डिस्क खराब सेक्टर वाचायचा प्रयत्न बराच वेळ सोडत नाही. कर्नल थांबतो ३० सेकंद, मग लिंक रिसेट करतो आणि एमडी सगळी डिस्कच बाहेर काढतं. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाद. नॅससाठीच्या (नेटवर्क स्टोरेजच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात. एमडीला वेळेत साधी रीड एरर मिळाली तर ते दुसऱ्या प्रतीवरून वाचून तो सेक्टर पुन्हा लिहितं आणि गाडी पुढे जाते. स्मार्टसीटीएल कमांडमधून एससीटी ईआरसी (डिस्कने किती वेळात हार मानायची ती मर्यादा) ७० वर ठेवून बघा, एकक दशांश सेकंदाचं आहे. डिस्कला ती सोय नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा. बऱ्याच डिस्क वीज गेली की ईआरसी विसरतात, म्हणून ते बूट स्क्रिप्टमध्ये टाका.

रोखठोक_अ‍ॅडमिन

पहिला रविवार, लाख बोललात. पण बघा, तुमच्याकडेही शेवटी डिस्कच बदलली.

पहिला_रविवार

हो, पण १९७ वाढता होता म्हणून. नुसता एक पेंडिंग सेक्टर दिसला असता तर बदलली नसती. लिहिता लिहिता वीज गेली तरी सेक्टर अर्धवट राहतो आणि पेंडिंगमध्ये येतो. त्यावर पुन्हा लिहिलं की १९७ खाली येतो आणि ५ जागचा हलत नाही. पृष्ठभाग ठीक असतो.

तपकीर_गल्ली

पोर्टची बाजू मांडतो, कारण ती नेहमीच राहते. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने ६-सीरिजच्या चिपसेटमधला दोष जाहीर केला होता: ३ गिगाबिटची सॅटा पोर्टं कालांतराने कमजोर होत जाणार, ६ गिगाबिटची दोन मात्र ठीक. इंटेलने पुरवठा थांबवून सुधारित चिप काढली. तेव्हा ज्यांनी डिस्क बदलल्या त्यांना काय मिळालं असेल? वापरलेल्या बोर्डांच्या ढिगात अजूनही त्या काळचे बोर्ड निघतात.

सुदैवाने मिररमध्ये दोन डिस्क आहेत, त्यामुळे परीक्षा सोपी. मशीन बंद करा, बोर्डाकडची टोकं तशीच ठेवा आणि डिस्ककडची टोकं अदलाबदल करा. एमडी डिस्क स्वतःच्या सुपरब्लॉकवरून (डिस्कवरच्या ओळख-नोंदीवरून) ओळखतं, त्याला फरक पडत नाही. एरर डिस्कबरोबर गेली तर डिस्क. जागेवर राहिली तर केबल किंवा पोर्ट, मग केबल बदला. एका वेळी एकच गोष्ट. आणि लॉगमधलं "एटीए३" म्हणजे कोणती डिस्क हे सिस-ब्लॉक फोल्डरच्या लिंकमध्ये बघून, सिरियल नंबर जुळवूनच हात घाला. एसडीबी (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) म्हणून चांगली डिस्क उपसणारे महाभाग मी पाहिलेत.

रोखठोक_अ‍ॅडमिन

आता माझा खरा आक्षेप ऐका. कॅबिनेट उघडून टोकं काढून लावली की सगळेच संपर्क घासून ताजे होतात. एरर गायब. मग काय सिद्ध झालं? काहीच नाही. डिस्क निर्दोष ठरली नाही, केबल दोषी ठरली नाही, आणि तुम्ही दोन महिने लॉगकडे डोळे लावून बसणार. अधूनमधून येणारी गोष्ट गेली हे ठरवायचं कसं, याचं उत्तर तुमच्या शास्त्रात आहे का?

काळी_खिडकी

आक्षेप बिनतोड आहे, पण पूर्ण नाही. १९९ चा आकडा कधी शून्यावर येत नाही, डिस्कच्या जन्मापासूनचा असतो. त्यामुळे तो लिहून ठेवायचा आणि मग वाट बघत न बसता लिंक राबवायची. एमडीची तपासणी हाताने सुरू करा, तिच्याच जोडीला मोठ्या फायली लिहा. छापखान्यात एरर भरपूर लिहितानाच येते, मग रात्रभर लिहू द्या. आकडा हलला नाही आणि लिंक ६ वर टिकली तर माझ्यापुरतं उत्तर मिळालं. संपर्क घासून बरं झालं असेल, तर दोष संपर्कात होता. तेही उत्तरच आहे, डिस्कचं कोटेशन त्यातही रद्दच होतं.

आणि वॉरंटीचा विचार केलात का? स्मार्टची लाँग टेस्ट (अख्ख्या डिस्कची चाचणी) पास झालेली, लॉगमध्ये एकही यूएनसी नसलेली डिस्क कशाच्या आधारावर बदलून मागणार?

तिथला १२ नंबर पाहिला. मशीन जितक्या वेळा बंद झालं असावं त्याच्याशी जुळतो. पॉवरवरचा संशय माझ्याकडून मागे.

बंदरावरची_पोर

मागे घ्या, पण अर्धाच. व्होल्टेज क्षणभर खाली येऊन डिस्क रिसेट न होताही लिंक बिघडू शकते. दोन्ही डिस्क एकाच वायरीच्या फाट्यावर आहेत का बघा.

रोखठोक_अ‍ॅडमिन

ठीक, केबल बदला. पण नवी डिस्क मी तरीही आणणार, आणि जुनी न काढता लावणार. एमडीचा मिरर तीन डिस्कचाही होतो: रेड-डिव्हायसेस (मिररमधल्या डिस्कची संख्या) ३ करायचं आणि नवी जोडायची. रीबिल्ड चालू असताना दोन प्रती शाबूत राहतात, म्हणजे तुमची ती भीतीही गेली. मग तुमचं संशोधन वर्षभर चालू द्या. जुनी डिस्क निर्दोष निघाली तर तिसरी प्रत फुकट मिळाली असं समजा.

काळी_खिडकी

याला माझी हरकत नाही, मालकाची असेल. बोर्डावर चार पोर्टं आहेत, एक मेलेलं आहे आणि चौथ्यावर डीव्हीडी ड्राइव्ह आहे. जुनी गिऱ्हाइकं अजून पत्रिकेची डिझाइनं सीडीवर आणतात म्हणे, तो काढू देत नाही.

तपकीर_गल्ली

एक मेलेलं आहे?? हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतं राव. बोर्डाचं मॉडेल टाका आधी.