कद, पैठणी, खण: सणाची वस्त्रं कशी जपता? (अनुभव धागा)

गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी उरकली की सोवळी आणि जरीच्या साड्या कपाटात जातात आणि बऱ्याचदा तिथंच खराब होतात. नवी साडी घेता येते, आजीचा कद, म्हणजे पूजेत नेसायचं रेशमी वस्त्र, पुन्हा मिळत नाही. ज्यांचा यात हात बसलेला आहे त्यांनी लिहा: काय करता, किती प्रमाणात, कशानं बिघडतं. इथं नुसती कृती येऊ द्या.

सोवळेकरी
पूजेच्या कदावर पंचामृत सांडतंच. आधी तूप काढा. डागावर टाल्कम पावडर किंवा कोरडं बेसन जाडसर पसरा, चार-पाच तासांनी मऊ ब्रशनं झटका. त्यानंतर दूध-दह्याचा डाग गार पाण्यानं टिपा. गरम पाणी लागलं की दुधातली प्रथिनं धाग्यातच घट्ट बसतात. मध-साखरेचा अंश राहिला तर काही महिन्यांनी तिथं तपकिरी डाग उमटतो आणि कीडही तिथूनच लागते, म्हणून तेवढा भाग दोनदा टिपा.

अख्खा कद धुवायचा तर आधी आतल्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून रंग जातो का बघा. जात असेल तर सरळ ड्रायक्लीन. नाहीतर १० रिठे फोडून, बिया काढून, दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, गाळून पूर्ण गार करा. हे पाणी अर्ध्या बादलीत मिसळून कद पाचच मिनिटं बुडवा. चोळायचं नाही, पिळायचं तर अजिबात नाही, कारण ओलं रेशीम कमजोर असतं. शेवटच्या पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला, चमक टिकते. पंच्यात गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सावलीत वाळवा. साधी साबणपूड क्षारयुक्त असते. तिनं रेशमाचं तेज जातं, पुढं धागा ठिसूळ होतो.

हळदकुंकू
हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि माणूस घाबरतो. ती क्षाराची क्रिया आहे, आंबट लागलं की पुन्हा पिवळा. घासत बसू नका आणि डाग असताना इस्त्री फिरवू नका.

येवल्याची सून
पैठणी हँगरला लटकवू नये. जरीच्या पदराच्या वजनानं रेशीम घडीवर ताणतं आणि तिथंच विरतं. नेसून झाली की घाम पूर्ण सुकेपर्यंत पंख्याखाली पसरा, मग पदर आत जाईल अशी उलटी घडी घालून धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत बांधा. खळीला कसर लागते. दर तीन महिन्यांनी घड्या बदला, जुन्या रेषेवर पुन्हा दुमडू नका, तिथंच जर तुटते. अत्तर-सेंट साडी नेसायच्या आधी अंगाला लावा, जरीवर उडाला की ती काळवंडते. प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच, आत दमटपणा कोंडतो.

कोकणी कपाट
डांबरगोळी आणि कापूर एकत्र ठेवले की दोन्ही पाझरतात आणि तेलकट डाग पडतो. आमच्याकडे वेखंडाचे दोन-तीन तुकडे आणि पाच-सहा लवंगा पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवतात, कापडाला चिकटू देत नाहीत. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत वाळलेला, अर्धवट ओला असला तर बुरशी येते. पावसाळ्यात कपाट उघडून हवा देण्याची घाई नको. घटस्थापनेच्या सुमारास कोरडं ऊन पडलं की सगळं काढा आणि सावलीत वाऱ्यावर टाका.

टाचणीवाली
उभ्या गौरींना साडी नेसवताना स्टीलच्या पिना घ्या, साध्या पिना दमट हवेत गंजतात. पिनेत आधी एक मणी ओवला तर कापड पिनेच्या गाठीत अडकून फाटत नाही. विसर्जनाच्या दिवशीच सगळ्या पिना मोजून काढा. जरीच्या काठात पिन नको, काठाच्या वर साध्या पोतात टोचा.

गुढीचा खण
तांब्याच्या कलशाखाली ओलं कापड राहिलं की हिरवट डाग पडतो, आणि तो सहजासहजी जात नाही. कलश आतून-बाहेरून पुसून कोरडा करा, खण आणि कलश यांच्यामध्ये जुन्या सुती कापडाची एक घडी द्या. साखरेच्या गाठीचा चिकटा मात्र कोमट पाण्यात सहज निघतो. कर्नाटकातल्या गुळेदगुडचा जुना रेशमी खण दिवसभर उन्हात विटतो. गुढीला सुती खण लावा, रेशमी देवीच्या ओटीसाठी राखून ठेवा.